पगाराचा हिशेब बाहेर देताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लघुउद्योजकांसाठी जीएसटी, कर्ज, अनुदान यांवर वृत्तपत्रांत बरेच छापून येते. पगारपत्रकाकडे मात्र कुणाचे फारसे लक्ष जात नाही. दहा-वीस कामगारांचे वर्कशॉप, छापखाना, बेकरी किंवा पॅकिंगचे युनिट चालवणारा मालक हे काम एक तर घरच्या माणसाकडे एक्सेलवर ठेवतो, नाही तर ‘सगळे आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या सेवेकडे सोपवून मोकळा होतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चारही कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे) लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्याच बदलली. तेव्हापासून पगार-सेवा विकणाऱ्यांचे फोन वाढले आहेत. सेवा घ्यायला हरकत नाही. ती कशी पारखायची याबद्दल हे पत्र आहे, कारण चुकलेल्या पगाराचा भुर्दंड मालकाला बसतो आणि झळ कामगाराला.

पगार-सेवा म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि पहिला गोंधळ तिथेच होतो. एक म्हणजे नुसते सॉफ्टवेअर. ते आकडे काढते, सरकारी भरण्याच्या चलनाची फाइल बनवून देते, पण ती पोर्टलवर चढवून पैसे तुम्हीच भरायचे. दुसरा प्रकार स्थानिक सल्लागाराचा. तुम्ही हजेरी पाठवता, तो पगारपत्रक, पीएफ (भविष्यनिधी), ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) आणि व्यवसायकराची विवरणे करून देतो आणि पैसे तुमच्या बँकेतून जातात. तिसऱ्या प्रकारात तुम्ही एकरकमी पैसे देता आणि कामगारांच्या खात्यात पगार टाकण्यापासून सरकारी भरण्यापर्यंत सगळे ती कंपनी करते. पहिल्याचा दर ऐकून तिसऱ्याची अपेक्षा धरली की वाद ठरलेला. म्हणून दर विचारण्याआधी एवढेच विचारावे: पीएफच्या पोर्टलवर फाइल कोण चढवणार, पैसे कुणाच्या खात्यातून जाणार आणि भरण्याची १५ तारीख चुकली तर दंड कोण भरणार? ही उत्तरे लेखी घ्यावीत.

वीसच्या आत माणसे असलेल्यांना माझा सल्ला दुसऱ्या प्रकाराचा, किंवा घरात हिशेबाला पक्के माणूस असेल तर पहिल्याचा. तिसरा सोयीचा दिसतो, पण त्यात पगाराचा पैसा दोन-तीन दिवस दुसऱ्याच्या खात्यात पडून असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातली ‘मायपेरोलएचआर’ ही कंपनी एकाएकी बंद पडली, तेव्हा हजारो छोट्या मालकांनी पगारासाठी दिलेले पैसे अडकले आणि कित्येक कामगारांच्या खात्यात जमा झालेला पगार परत वळता झाला. देश वेगळा असला तरी पैशाची वाट तीच आहे. आपल्याकडे नेटबँकिंगमधून एनईएफटीची एकत्रित फाइल मालकाला स्वतः चढवता येते, त्याला पंधरा मिनिटे लागतात. सेवेने फाइल बनवावी आणि मालकाने ती उघडून, बेरीज पगारपत्रकाशी ताडून मंजूर करावी. तिसराच प्रकार हवा असेल, तर पैसे कोणत्या खात्यात जातात, ते खाते कंपनीच्या चालू व्यवहारापासून वेगळे आहे का आणि पैसे किती तास तिथे राहतात, हे कागदावर मागावे.

यापेक्षा मोठा धोका पोर्टलच्या चाव्यांचा आहे. पीएफ, ईएसआय, राज्याच्या महाजीएसटी पोर्टलवरचा व्यवसायकर, कामगार कल्याण मंडळ आणि टीडीएस (पगारातून कापलेला प्राप्तिकर) अशी पाच लॉगिने असतात. नोंदणीच्या वेळी सल्लागार सोयीसाठी स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल टाकतो. वर्षे जातात, भांडण होते किंवा सल्लागार काम सोडतो आणि मालकाच्या लक्षात येते की ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जातो. मग कार्यालयात अर्ज, ओळखीचे पुरावे, शिक्क्याचे पत्र, आणि तेवढ्यात एक-दोन महिन्यांचे चलन चुकलेले असते. उपाय साधा आहे. फक्त या कामासाठी एक सिम आणि एक ईमेल धंद्याच्या नावाने घ्यावा, पाचही ठिकाणी तोच नोंदवावा आणि सेवेला पासवर्ड द्यावा, पण नोंदलेला मोबाइल कधीच देऊ नये. डिजिटल सहीचे टोकन तर कुणाच्याही ड्रॉवरमध्ये राहू देऊ नये. ते टोकन म्हणजे मालकाची सही आहे. त्यावर काय मंजूर झाले याची जबाबदारी टोकन वापरणाऱ्यावर येत नाही, ज्याच्या नावाचे आहे त्याच्यावर येते.

कामगाराच्या पगारातून पीएफ कापला आणि भरला नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली तो विश्वासघात ठरतो. ‘सल्लागाराला पैसे दिले होते’ म्हणून मालकाची सुटका होत नाही. दंड-व्याज वेगळेच. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या प्रकरणात स्पष्ट केले की, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखाली कामगाराच्या वाट्याचा पीएफ-ईएसआय मुदतीत भरला नाही तर ती रक्कम मालकाचा खर्च म्हणून धरली जाणार नाही, नंतर भरली तरीही नाही. म्हणजे १६ तारखेला भरलेल्या चलनाचाही फटका त्या वर्षांच्या कर-आकारणीत बसू शकतो. म्हणून सेवेशी ठरवताना ‘१५ तारखेपर्यंत’ हा शब्द मान्य करू नये. पगार महिना संपल्यापासून ७ दिवसांत द्यायचा असतो आणि टीडीएस असेल तर तोही ७ तारखेला भरायचा असतो. हजेरी १ तारखेला गेली, कच्चे पगारपत्रक ३ ला आले, मालकाने ते ४ ला तपासले, पगार ६ ला गेला आणि पीएफ-ईएसआयचे चलन १० च्या आत निघाले, असे वेळापत्रक करारात लिहून घ्यावे. शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल रेंगाळते, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता पारखण्याचा खरा भाग. विक्रेता जो नमुना दाखवतो, त्यात सगळे कामगार महिनाभर हजर असतात आणि सगळ्यांचा पगार सरळ असतो. असा पगार कुणालाही काढता येतो. आपण आपल्या मस्टरमधली अवघड माणसे निवडावीत, त्यांचा पगार आधी स्वतः कागदावर काढून ठेवावा आणि मग सेवेला तेच काढायला सांगावे. विकत घेण्याआधी ही चाचणी नाकारणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

पहिला माणूस ईएसआयच्या सीमेवरचा घ्यावा. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे, कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० असलेल्या कामगाराला जुलैत वाढ देऊन वेतन २२,००० केले. अनेक ठिकाणी सॉफ्टवेअर जुलैपासून ईएसआय बंद करून टाकते. ते चूक आहे. अंशदानाचे (म्हणजे हे वाटे भरण्याचे) दोन काळ असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. काळ सुरू होताना जो मर्यादेत होता, तो त्या काळाच्या शेवटपर्यंत आत राहतो आणि कपात पूर्ण २२,००० वर होते, म्हणजे कामगाराचे १६५ आणि मालकाचे ७१५ रुपये, थेट सप्टेंबरपर्यंत. कपात जुलैत थांबली की अंशदानाचे दिवस कमी भरतात. आजारपणाच्या भत्त्यासाठी त्या काळात ७८ दिवसांचे अंशदान लागते आणि त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जून या काळात मिळतो. एवढ्या चुकीपायी माणूस आजारी पडल्यावर हक्काच्या पैशाला मुकू शकतो. जाता जाता पूर्णांकही पाहावा. १९,९३० चे ०.७५ टक्के म्हणजे १४९ रुपये ४७ पैसे. ईएसआयमध्ये कामगाराचा वाटा वरच्या रुपयात जातो, म्हणून १५० व्हायला हवेत. सॉफ्टवेअर १४९ दाखवत असेल, तर दर महिन्याला पगारपत्रक आणि चलन यांत रुपया-दोन रुपयांचा फरक राहतो आणि तपासणीत त्या फरकाचीच उत्तरे देत बसावे लागते.

दुसरा माणूस अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झालेला. पीएफमध्ये मालकाच्या १२ टक्क्यांतून ८.३३ टक्के पेन्शनमध्ये आणि ३.६७ टक्के भविष्यनिधीत जातात. पेन्शनचा हिस्सा १५,००० वेतनावर म्हणजे १,२५० रुपयांवर थांबतो. १५,००० वर १,८०० भरले तर १,२५० पेन्शनला आणि ५५० पीएफला. वय ५८ झाले की पेन्शनचा हिस्सा बंद होऊन पूर्ण १,८०० पीएफमध्ये जायला हवेत. जन्मतारीख सॉफ्टवेअरमध्ये असूनही ते आपोआप वळत नाही, असे पुष्कळदा दिसते. याच्याच जोडीला दोन नवे कामगार घ्यावेत, दोघांचे मूळ वेतन १८,०००, दोघांचा पीएफ १५,००० वर. एकाची ही पहिलीच नोकरी, दुसरा आधीपासून पेन्शन योजनेचा सभासद. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा सभासद होणाऱ्याचे वेतन १५,००० च्या वर असेल तर तो पेन्शन योजनेत येत नाही, म्हणून पहिल्याच्या पेन्शनच्या रकान्यात शून्य आणि दुसऱ्याच्या रकान्यात १,२५० दिसायला हवे. पीएफची मासिक फाइल म्हणजे प्रत्येक कामगाराची एक ओळ आणि ओळीत अकरा रकाने: यूएएन (पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक), नाव, एकूण वेतन, पीएफचे, पेन्शनचे आणि विम्याचे वेतन, मग तीन रकमा, मग बिनपगारी दिवस आणि शेवटी परत आलेली उचल. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडते. ‘फाइल आम्ही चढवतो, तुम्हाला काय करायचीय?’ असे म्हणणाऱ्याकडून ती आवर्जून मागून घ्यावी आणि या दोन माणसांच्या ओळी वाचाव्यात. पेन्शनमध्ये चुकून गेलेले पैसे त्या महिन्यात कुणालाच टोचत नाहीत. माणूस निवृत्तीचा दावा करतो तेव्हा ते आडवे येतात, आणि तोवर सेवा बदललेली असते.

तिसरा माणूस महिन्याच्या मध्ये लागलेला. मूळ आणि महागाई १५,६००, कामावर १७ जूनपासून. तीस दिवसांच्या महिन्यात १४ दिवस धरले तर १५,६०० ला ३० ने भागून ७,२८० होतात. २६ ने भागून, त्या १४ दिवसांतल्या दोन साप्ताहिक सुट्ट्या वगळून १२ दिवस धरले तर ७,२०० होतात. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. पण त्यांची सरमिसळ चालत नाही: भागायला २६ घ्यायचे आणि सुट्ट्या धरून १४ दिवसांनी गुणायचे, की ८,४०० होतात. उलट, ३० ने भागून १२ ने गुणले की ६,२४० होतात. सॉफ्टवेअरमध्ये हा भाजक एकदाच ठरवायचा असतो आणि तो बसवून देणाऱ्याने विचारलेच नाही तर कारखान्याच्या रिवाजाशी त्याचा मेळ राहत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनाचा रोजचा दर काढताना २६ ने भागतात, हेही लक्षात ठेवावे.

किमान वेतनाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो, महाराष्ट्रात विशेष भत्ता (किमान वेतनातला महागाईशी जोडलेला भाग) वर्षातून दोनदा बदलतो, १ जानेवारीला आणि १ जुलैला, आणि उद्योगानुसार व परिमंडळानुसार (भागानुसार) तो वेगळा असतो. आकडा पुष्कळदा काळ सुरू झाल्यावर हाती येतो. मग मागच्या महिन्यांचा फरक काढून द्यावा लागतो आणि त्या फरकावर पीएफही भरावा लागतो. विक्रेत्याला विचारावे: हा तक्ता तुम्ही भरता की आम्ही, आणि फरकाचे पगारपत्रक वेगळे निघते की चालू महिन्यातच मिसळते? मिसळत असेल तर कामगाराला चिठ्ठीवरून काहीच उमगत नाही आणि तपासनिसाला त्याहून कमी.

चौथी व्यक्ती महिला कामगार. व्यवसायकरात महाराष्ट्राने १ एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० पर्यंत पूर्ण सूट दिली आहे. पुरुषांना ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५ रुपये, त्यावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. महिलेचा पगार २४,५०० वरून २५,५०० झाला की त्या महिन्यापासून २०० लागतात. दुसऱ्या राज्यात घडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हीच जागा हमखास चुकते. कुठे २,५०० ला १२ ने भागून २०८ रुपये कापतात, कुठे फेब्रुवारीचे ३०० विसरतात. तमिळनाडूत हा कर सहामाही असतो, कर्नाटकचे टप्पे निराळे. बेळगावला किंवा हुबळीला एखादा माणूस ठेवला असेल, तर त्याच्यासाठी राज्य वेगळे निवडता येते का, ते पाहावे. कामगार कल्याण निधीची रक्कम इतकी छोटी, की ती सगळेच विसरतात. मार्च २०२४ पासून सहामाहीला कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. कपात जूनच्या आणि डिसेंबरच्या पगारातून, भरणा १५ जुलै आणि १५ जानेवारीपर्यंत.

पाचवा माणूस काम सोडून जाणारा. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या किंवा काढलेल्या कामगाराचा शेवटचा पगार दोन कामकाजी दिवसांत द्यायचा आहे. सेवा जर अखेरचा हिशेब महिन्याच्या पगारासोबतच करत असेल तर ती या कायद्यात बसत नाही. ग्रॅच्युइटीही काढून घ्यावी. शेवटचे वेतन १५,०००, नोकरी सात वर्षे: १५,००० ला २६ ने भागून १५ ने आणि ७ ने गुणले की ६०,५७७ रुपये. भाजक ३० असलेले सॉफ्टवेअर ५२,५०० दाखवते, म्हणजे कामगाराचे आठ हजार रुपये गेले. हिशेबाबरोबर पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कोण टाकणार, तेही ठरवून घ्यावे. ती टाकली नाही तर त्या माणसाचा पीएफ ना निघतो ना नव्या ठिकाणी जातो. त्याला स्वतः ती टाकता येते, पण शेवटच्या अंशदानानंतर दोन महिने थांबून.

आणि नव्या व्याख्येसाठी एक नमुना. मूळ आणि महागाई १३,०००, घरभाडे ९,०००, प्रवासभत्ता ८,०००, एकूण ३०,०००. संहिता म्हणते की वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. इथे वगळलेले १७,००० आणि निम्मे १५,०००, म्हणजे २,००० वेतनात मिळून वेतन १५,००० झाले. पीएफची कपात १,५६० वरून १,८०० वर गेली. हा हिशेब सेवेच्या सॉफ्टवेअरने मालकाला न सांगता केला तर हाती पडणारा पगार एकदम कमी झाल्याने कामगार बिथरतील, आणि केलाच नाही तर थकबाकी साचेल. म्हणून विचारावे: २१ नोव्हेंबर २०२५ नंतर पीएफसाठी, ईएसआयसाठी आणि ग्रॅच्युइटीसाठी तुम्ही वेतन कसे धरता, घरभाडे आत की बाहेर, कोणत्या परिपत्रकाच्या आधारे? परिपत्रक दाखवून उत्तर देणारा माणूस कामाचा.

हजेरीबद्दल थोडेसे. अंगठ्याच्या मशीनमधली नोंद पगारात उतरते तिथे तिसरी पाळी घोटाळा करते. रात्री ११ ला आलेला माणूस सकाळी ७ ला जातो, तारीख बदलते आणि सॉफ्टवेअर त्याला दोन अर्धे खाडे लावते. भोसरी-पिंपरीकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते, सॉफ्टवेअरमध्ये मात्र रविवार आधीच भरून ठेवलेला. उचल हाही आपल्याकडचा रोजचा व्यवहार आहे. गणपतीत घेतलेले ६,००० चार हप्त्यांत कापायचे आणि दिवाळीच्या महिन्यात हप्ता सोडायचा, हे सॉफ्टवेअरला जमते का ते करून पाहावे. एकूण कपात वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये, ही मर्यादा त्याने आपणहून अडवायला हवी. आणि पगार-चिठ्ठी मराठीत निघायला हवी, नावे मोडून न येता. ज्याचा पगार त्याला तो वाचता आला पाहिजे. यात मी सवलत द्यायला तयार नाही.

नवा माणूस लागला की त्याची ईएसआय नोंदणी दहा दिवसांत व्हायला हवी. सेवा जर महिनाअखेरी एकदाच नवी नावे घेत असेल, तर प्रेसवर चौथ्या दिवशी बोट गेलेल्या कामगाराची नोंदणी अपघातानंतरची दिसते आणि मग चौकशी लागते. यूएएनसाठी ऑगस्ट २०२५ पासून उमंग ॲपवर कामगाराचा चेहरा पडताळावा लागतो. ते काम पुण्या-मुंबईत बसलेली सेवा करू शकत नाही, कामगार आणि त्याचा फोन तुमच्या दारात असतात. आधारवरचे नाव आणि पीएफमधले नाव यांत आडनाव आधी-मागे, लग्नाआधीचे-नंतरचे, एखादे अक्षर जास्त, असा फरक निघतोच. तो पहिल्याच दिवशी मिटवला तर पाच मिनिटांचे काम, पाच वर्षांनी मिटवायला गेलात तर मालक-कामगारांचे संयुक्त घोषणापत्र आणि हेलपाटे.

दराचे थोडक्यात. माणशी दर ऐकून भुलू नये. समजा माणशी ६० रुपये सांगितले, पण किमान बिल २५ माणसांचे. तुमच्याकडे १४ असतील तर १,५०० रुपये जातात, म्हणजे माणशी १०७, वर १८ टक्के जीएसटी. सुरुवातीची मांडणी, सोडून गेलेल्याचा हिशेब, टीडीएसचे तिमाही विवरण, तपासनीस आल्यावर हजर राहणे, जुन्या चुकांची दुरुस्ती, यांतले काय दरात आहे आणि कशाला वेगळे पैसे, ते विचारावे. वर्षाचा एकूण खर्च काढून मगच दोन सेवांची तुलना करावी. टीडीएसची बहुतेक छोट्या युनिटांना चिंता नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही, तेव्हा त्या सोयीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

करारात तीन वाक्ये असावीत. सेवेच्या चुकीने झालेले व्याज आणि दंड सेवा भरेल. सोडताना सगळा डेटा महिनावार एक्सेलमध्ये, चलने आणि पावत्या पीडीएफमध्ये, सात दिवसांत विनाशुल्क मिळेल. आणि कामगारांचे आधार, पॅन व बँक खात्यांचे तपशील दुसऱ्या कुणाला दिले जाणार नाहीत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ प्रमाणे अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या मालकावर येते, काम बाहेर दिले तरी. व्हॉट्सॲपवर आधारचे फोटो मागणारी सेवा या एका कारणाने बाद करावी.

सेवा बदलायची तर एप्रिल किंवा ऑक्टोबर पाहावा, कारण ईएसआयचा काळ तेव्हा बदलतो. एप्रिलमध्ये कराचे वर्षही नवे असते. दोन महिने जुने आणि नवे पगारपत्रक समांतर चालवावे आणि प्रत्येक कामगाराची ओळ रुपयापर्यंत जुळवावी. एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नये, कारण दोन उलट्या चुका एकमेकींना झाकतात. नव्या सेवेचे पहिले चलन भरल्यावर त्यावरचा टीआरआरएन (भरण्याचा संदर्भ) क्रमांक पीएफच्या संकेतस्थळावर टाकून पैसे पोचल्याची खात्री मालकाने स्वतः करावी. पुढच्या महिन्यात दोन-तीन कामगारांना त्यांचे पासबुक उघडून दाखवायला सांगावे. ज्याचा मोबाइल यूएएनला जोडलेला आहे आणि केवायसी पूर्ण आहे, त्याने ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला तरी शेवटच्या अंशदानाचा संदेश येतो.

सरकारकडेही एक मागणी आहे. विशेष भत्त्याचे तक्ते कामगार आयुक्तालयाने काळ सुरू होण्याआधी, सर्व उद्योगांचे एकत्र आणि सॉफ्टवेअरला थेट वाचता येतील अशा फाइलमध्ये प्रसिद्ध करावेत. आज प्रत्येक सल्लागार स्कॅन केलेल्या पानांवरून ते हाताने टिपतो आणि एक आकडा चुकला की शेकडो कामगारांचा रोजचा दर चुकतो. औद्योगिक वसाहतींतल्या उद्योजक संघटनांनी वर सांगितलेल्या पाच अवघड कामगारांचा नमुना, उत्तरांसह, आपल्या सभासदांना वाटावा. त्याला दोन कागद लागतील, आणि फुकटच्या डेमोपेक्षा ते दोन कागद जास्त उपयोगी पडतील.

आपला,
पगार व कामगार कायद्यांच्या हिशेबाचे काम करणारा एक वाचक,
भोसरी, पुणे